दोन वारलू

आलापल्लीला एका सागवान ठेकेदाराच्या डेपोवर मी सहा वर्षं मुन्शी होतो. हजेरी लिहायची, चिठ्ठ्या फाडायच्या, ठेकेदाराची पत्रं लिहून द्यायची, हे माझं काम. मी मूल गावाजवळचा, घरी धानाची शेती. जंगलात मी पोटासाठी गेलो होतो. वारलू तलांडीची आणि माझी ओळख तिथलीच. त्याच्यावर जे गुदरलं त्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो.

वारलू मेट होता, म्हणजे चाळीस मजुरांच्या टोळीचा म्होरक्या. उंच, काळासावळा, बोलायला कमी. पडलेल्या ओंडक्यावर तळहात फिरवून तो सांगायचा की हा आतून पोकळ निघेल, आणि तो पोकळच निघायचा. मजुरांवर त्याला कधी ओरडावं लागलं नाही. एखाद्याच्या पायावर लाकूड आलं तर त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत तोच जायचा. हौस त्याला एकच होती, पांढऱ्या धोतराची. बाजाराच्या दिवशी नदीवर धुतलेलं धोतर नेसून यायचा आणि दिवसभर कुठे बसायचाच नाही, मळेल म्हणून.

त्याचं गाव कोसमटोला, डेपोपासून चार कोसांवर, वीस-बावीस घरांची गोंडवस्ती. त्याच गावात दुसरा एक वारलू होता, वारलू मडावी. त्याला सगळे मास्तर म्हणत. लहानपणी कुणा सेवाभावी माणसानं त्याला वर्ध्याकडे शिकायला नेलं होतं. सातवी होऊन तो परत आला आणि गावाबाहेर बांबूच्या ताटव्याच्या भिंती उभ्या करून त्यानं शाळा काढली. पगार कुणाचाच नाही; घराघरातून कोदो-कुटकीचं धान्य येई, त्यावर चाले. दोघे वारलू बरोबरीचे, एकत्र ढोरं राखत वाढलेले. पुढे मास्तरची बहीण सोमारी मेटाला दिली आणि सोबती सोयरे झाले. तिशी उलटल्यावर मेट आपलं नाव लिहायला शिकला, ते मास्तरकडूनच. संध्याकाळी पोरं घरी गेली की दोघे पाटी घेऊन बसायचे आणि सोमारी दारातून हसायची.

मास्तरनं पोरं शिकवली तेवढ्यावर तो थांबला नाही. त्या वेळी साहेबलोक दौऱ्यावर आले की त्यांचं सामान गावोगाव माणसांनी वाहायचं, कोंबड्या द्यायच्या, बदल्यात काही मिळायचं नाही. बेगार म्हणत त्याला. मास्तरनं पन्नास सालच्या उन्हाळ्यात चौदा गावांची बैठक बोलावली आणि त्या गावांनी सामान उचलायचं बंद केलं. ठेकेदारांच्या डेपोवरही रोजी रोजच्या रोज हातात पडू लागली. आमच्या ठेकेदाराच्या कपाळावर तेव्हापासून आठी होती.

एक्कावन्न सालच्या दिवाळीनंतर देशातली पहिली निवडणूक आली. आमच्या भागातली विधानसभेची जागा आदिवासींसाठी राखीव होती. मास्तर उभा राहणार, हे बाजारात कळलं आणि आठ दिवसांत वीस-वीस कोसांवर पोचलं. त्याच्यामागे पक्ष नव्हता, गाडी नव्हती. तरी लोक ‘आपला वारलू’ म्हणत आणि बोलणं तिथेच संपे.

मग एका दुपारी चांद्याहून गुणवंतराव आले. ते वकील आणि आमच्या भागात त्यांच्या पक्षाचे सूत्रधार. स्वतः ते कधी उभे राहत नसत; कोण उभा राहील आणि कोण बसेल ते ठरवत. पक्षाचं तिकीट त्यांनी एका गोंड जमीनदाराच्या पुतण्याला दिलं होतं. आमच्या ठेकेदाराच्या बंगल्यावर जेवण झालं, आणि हिशेब मांडला तर पुतण्या पडत होता. ठेकेदारानं मला हजेरीचं पुस्तक घेऊन बोलावलं.

गुणवंतराव पानं उलटत होते. बोट एका ओळीवर थांबलं.

“मुन्शी, हा वारलू म्हणजे मास्तर का?”

“नाई जी,” मी म्हणालो, “हा आमचा मेट. मास्तरचा बहीणजवाई. सारे लोक मानतात त्याले.”

मी हे कौतुकानं सांगितलं. गुणवंतरावांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि मेटाला उद्या पाठव म्हणाले. त्या वेळी मला काही कळलं नाही असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. थोडं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी वारलू आला तेव्हा त्याला खुर्ची दिली. तो आधी बसेना. गुणवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि आपण मनातून मास्तरच्याच बाजूचे असल्यासारखं गोडीनं समजावलं. मास्तरवर बेगारीच्या वेळची एक तक्रार पडून आहे, म्हणाले. शत्रूपक्ष त्याचा अर्ज नामंजूर करायला टपलाय. तसं झालं तर गोरगरिबांची जागा गेलीच. म्हणून त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचा अर्ज पाठीशी असावा. मास्तरचा अर्ज मंजूर झाला की आपण हा मागे घेऊ. पण मास्तरला सांगायचं नाही; तो मानी माणूस, नको म्हणेल, आणि बातमी फुटली तर खेळ बिघडेल.

वारलूनं एवढंच विचारलं की वापस घेता येते ना. येते, असं वकील म्हणाले. अर्ज मी लिहिला, माझ्याच अक्षरात. खाली वारलूनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर दाबून. सही झाल्यावर तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. अनामत रक्कम ठेकेदारानं भरली. ती कुणी भरली हे वारलूनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सिरोंच्याच्या कचेरीत अर्ज दाखल झाला आणि त्या दिवसापासून डेपोवर त्याला ‘उमेदवारसाहेब’ म्हणायला लागले. आधी ठेकेदार गमतीनं म्हणाला, मग ट्रकचे ड्रायव्हर म्हणायला लागले. वारलू मान खाली घालायचा, पण चेहऱ्यावर हसू दिसायचं. एकदा मी कागद लिहीत असताना तो जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, कचेरीतल्या पाटीवर माहं नाव लावलं म्हणते. मोठ्या अक्षरात.” मी हो म्हणालो. तो उभाच राहिला, अजून काही ऐकायचं असल्यासारखा.

मास्तरचा अर्ज काही अडचण न येता मंजूर झाला. ते कळल्यावर वारलू माझ्याकडे आला. आता आपला कागद वापस घ्यायची तारीख कोणती, असं विचारलं. मी तारीख सांगितली. पाच दिवस बाकी होते. संध्याकाळी ठेकेदारानं मला बोलावून एक चिठ्ठी लिहायला लावली. बल्लारशा स्टेशनावर सागाचा माल रेल्वेच्या डब्यांत भरायचा आहे, तिथे भरवशाचा माणूस पाहिजे, तरी वारलू मेटाला ट्रकसोबत पाठवत आहे; माल चढेपर्यंत त्यानं तिथेच थांबावं.

मी चिठ्ठी लिहिली. सकाळी ट्रक निघताना ती मीच वारलूच्या हातात दिली. त्यानं विचारलं, “आन् कागदाचं?”

“वकीलसाहेब पाहून घेतील,” मी म्हणालो.

तो जरा थांबला. पुढे कित्येक वर्षांनी तो मला म्हणाला की त्या घडीला त्याच्या मनात आलं होतं, ट्रकवर चढू नये, सरळ सिरोंच्याची वाट धरावी. पण मग मनात आलं की पाटीवर नाव आहे, राहू दे अजून चार दिवस. तेवढंच आलं होतं त्याच्या मनात. आणि तो ट्रकवर चढला.

बल्लारशाला डबे मिळेनात. कुणीतरी रोज उद्या म्हणत राहिलं. सातव्या दिवशी तो परत आला तेव्हा तारीख उलटून गेली होती, चिन्हंही वाटून झाली होती. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चित्र. नाव वाचणारे आमच्याकडे किती? लोक चित्र पाहून मत टाकणार. मास्तरला शिडी मिळाली होती आणि वारलू मेटाला होडी. गुणवंतरावांची माणसं ट्रकमधून नदीकाठच्या आणि आतल्या गावांत जाऊन आलीसुद्धा होती. ती खोटं असं काही बोलत नव्हती. ती फक्त म्हणत होती, वारलूले मत द्या, वारलूची पेटी होडीची.

वारलू चालत कोसमटोल्याला गेला. मास्तर प्रचारासाठी भामरागडकडे गेलेला. घरी सोमारी होती. तिला गावात आधीच कळलं होतं. काय बोलणं झालं ते मला सोमारीनंच नंतर सांगितलं. वारलूनं सगळं सांगितलं, खुर्चीपासून ट्रकपर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “माह्या भावाचं नाव तुमचंबी हाय. तेवढंच तर पाह्यजे होतं त्यायले. हे तुमाले समजलं नाई काऊन?”

तिनं त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः शाळेत जाऊन बसली.

सकाळी वारलू चांद्याला निघाला. गुणवंतरावांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला. आता कायद्यानं काही होत नाही, म्हणाले. एकदा पेटी ठरली की ठरली. आणि हसून म्हणाले, काय सांगावं, तूच निवडून येशील. वारलूनं चहा घेतला नाही. तिथून तो परतला तो डेपोवर आलाच नाही.

मतदानाला वीस दिवस होते. वारलू पायी निघाला. गावोगाव जायचा, गावच्या पाटलाच्या अंगणात लोक जमवायचा आणि सांगायचा की मी उमेदवार वारलू, मला मत देऊ नका. मास्तरला द्या, शिडीच्या पेटीत टाका. जगात कुण्या उमेदवारानं असा प्रचार केला नसेल. रोज तीन-तीन गावं तो करत होता, पायाच्या टाचा फुटल्या होत्या. पहिल्या आठवड्यात तो एकटा होता. नंतर एका वाटेवर सोमारी त्याला येऊन मिळाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण सोबत चालत होती. तो माणसांना सांगायचा, ती बायांना सांगायची.

इंद्रावतीकडच्या एका गावात डोमा नावाचा म्हातारा गायता, म्हणजे गावचा पुजारी होता. त्यानं दोघांना बसायला चटई दिली, मोहाची फुलं भाजून दिली. वारलूचं सगळं बोलणं मान हलवत ऐकलं. शेवटी वारलूच्या पायांकडे बघून म्हणाला, “तू आमच्यासाठी इतका चालला बाबा. ते मोटारवाले तर उतरले बी नाई. तू फिकीर नको करू. आमचं पुरं गाव तुह्याच पेटीत टाकते.”

वारलूनं परत सांगितलं, माझ्या नाही, शिडीच्या. डोमा हो म्हणाला. सोमारीनं सांगितलं. डोमा तिलाही हो म्हणाला. गाव सोडताना मागून बायका म्हणत होत्या ते सोमारीला ऐकू आलं: हाच वारलू, पाह्यला का, किती गरीब माणूस हाय. ती वाटेत बसली आणि रडली. वारलू दहा पावलांवर उभा राहिला. जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही. पायी फिरून आपण आपलाच चेहरा लोकांना दाखवत आहोत, हे दोघांनाही तिथे कळलं. तरी उरलेली गावं त्यांनी सोडली नाहीत. दुसरं काय करणार होते?

मतदानाच्या दिवशी लोक सणाला निघाल्यासारखे निघाले. डोक्यात पिसं, बायांच्या अंगावर गाठी-माळा, लेकरं काखेत. आलापल्लीच्या केंद्रासमोर मी पाहिलं, एक म्हातारी बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होती की आपण वारलूला मत दिलं. कोणत्या वारलूला, ते तिला विचारायला माझी जीभ उचलली नाही.

मोजणीत जमीनदाराचा पुतण्या निवडून आला. मास्तर तीनशे सतरा मतांनी पडला. होडीच्या पेटीत निघाली बाराशे मतं. त्यात वारलू मेटाचं स्वतःचं मत नव्हतं. त्यानं ते शिडीच्या पेटीत टाकलं होतं. डोमाच्या गावच्या केंद्रावर शिडीची पेटी जवळजवळ रिकामी निघाली.

निकालानंतर चार दिवसांनी वारलू मास्तरकडे गेला. मीही सोबत होतो. त्यानं मला बोलावलं होतं, साक्षीला. अर्ज मुन्शीच्या अक्षरात आहे, मुन्शी सांगेल कसं झालं ते, असं त्याला वाटलं. मास्तर शाळेच्या पडवीत बसला होता, पोरांच्या पाट्या पुसत. मी सांगितलं. हजेरीच्या पुस्तकाचंही सांगितलं, ते वारलूला तोवर माहीत नव्हतं. वारलूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मास्तरकडे पाहत होता.

मास्तर रागावला असता तर बरं झालं असतं. तो बराच वेळ पाट्या पुसत राहिला. मग म्हणाला, “तुले फसवलं, ते मले पहिल्या दिवशीच समजलं. तुह्यावर माहा राग नाई. पण एक सांग. सही करून घरी आला, त्या रातीले माह्या घरावरून गेला असशील. मले एका शब्दानं काऊन नाई इचारलं?”

वारलू म्हणाला, “त्यायनं नको सांगू म्हणतलं.”

“आन् तू आयकलं.”

“हो.”

“का?”

वारलू खाली बघत म्हणाला, “माहं नाव बी कुठी लागावं, असं वाटलं.”

मास्तरनं मान हलवली. खरं बोललास, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. हातातली पाटी त्यानं ढिगावर ठेवली, उठला आणि घरात गेला. दोघे वारलू त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहून.

पुढच्या दोन वर्षांत पुष्कळ काही गेलं. चौदा गावांची बैठक मोडली. तुमच्याच घरातले दोन उभे राहतात, आम्ही कुणाचं ऐकावं, असं लोक विचारू लागले. साहेबांचं सामान पुन्हा डोक्यावर आलं. डेपोवरची रोजी पुन्हा महिन्यावर गेली. मास्तरचा आवाजच बसल्यासारखा झाला. शाळा तो चालवत होता, पण संध्याकाळी कुणाकडे जात नसे. सोमारी नवऱ्याच्या घरीच राहिली, रांधायची, शेत करायची, पण भावाची वाट तिनंही सोडली नाही. दोन घरांमध्ये ती एकटीच येत-जात होती. एका घरातलं दुसऱ्या घरात ती काही बोलत नसे.

वारलूनं मेटकी सोडली ती सोडलीच. टोळीचे लोक बोलवायला गेले, ठेकेदारानंही निरोप पाठवला. तो आला नाही. मोहफुलं वेचायचा, थोडं धान पेरायचा. पांढरं धोतर त्याच्या अंगावर मी पुन्हा पाहिलं नाही. त्रेपन्न साली मीही नोकरी सोडून गावी गेलो, पण वर्षातून एकदा कोसमटोल्याला जात राहिलो. मी गेलो की तो चटई टाकायचा. मला त्यानं कधी बोल लावला नाही. एकदा मीच विषय काढला, अर्ज मी लिहायला नको होता म्हणालो. तो म्हणाला, “तुमी नसता लेवला तर दुसऱ्यानं लेवला असता, भाऊ. सही दुसऱ्यानं नसती केली.”

चोपन्नच्या पावसाळ्यात मास्तर हिवतापानं पडला. नाले भरलेले, दवाखाना चार कोसांवर. सोमारी धावत घरी आली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाच्या घरचं नवऱ्याला सांगितलं, चला म्हणाली. वारलूनं आणि आणखी तिघांनी खाट उचलली. पहिला नाला छातीभर पाण्यातून पार केला. दुसऱ्या नाल्याच्या काठावर मास्तरला जरा शुद्ध आली. त्यानं डोळे उघडले. डोक्याच्या बाजूला वारलू होता. सोमारी सांगते की भावानं त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं. ओठ हलले. पाण्याचा आवाज इतका होता की तो काय म्हणाला, म्हणाला की नाही, ते कुणालाच ऐकू आलं नाही. दवाखाना येईपर्यंत तो गेला होता.

वारलू मला दर भेटीत विचारायचा, “भाऊ, काय म्हणतलं असन त्यानं?” मी काहीतरी बरं सांगायचो. त्याला ते पटायचं नाही.

मास्तरच्या नावाचा दगड उभा केला तो पंचावन्नच्या होळीनंतर. त्या लोकांत मेलेल्या माणसाच्या आठवणीला गावाबाहेर शिळा उभी करतात. भाऊबंद आणि सोयरे मिळून ती डोंगरातून आणतात. मी गेलो होतो. शिळा जड होती, बारा माणसं लागली. वारलू सकाळपासून अंघोळ करून आला होता. शिळा उचलायच्या बल्लीला, म्हणजे लाकडी वाशाला, हात लावायला तो पुढे झाला तेव्हा मास्तरचा चुलतभाऊ पत्रू मध्ये आला. तो भांडला नाही. फक्त त्याची बल्लीची जागा स्वतः घेतली आणि म्हणाला, “तुमी राहा बाजूले.”

वारलू बाजूला झाला. शिळा उभी राहिली, तिला हळद लागली, ढोल वाजला, लोक जेवले. तो एका ऐनाच्या झाडाखाली उभा होता, उन्हं कलेपर्यंत. कुणी त्याला बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. जेवणं आटोपल्यावर सोमारीनं पळसाच्या पानावर भात घेतला आणि त्याच्याकडे गेली. पान त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या बाजूला खाली बसली. तो उभ्याउभ्याच दोन घास जेवला. मग त्यानं पान तिच्यासमोर ठेवलं, आणि शिळेकडे पाठ करून, हळूहळू, गावाची वाट धरली.